दुखण्याची गोळी आणि तिच्या पोटातली दोन औषधं

जबलपूरहून भोपाळच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात शहपुरा येतं. हा सगळा पट्टा मटाराचा. शहपुरा, पाटन, मझौली या भागात हिवाळाभर शेतं हिरवीगार असतात आणि 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेत जबलपूरच्या नावापुढे मटारच लागला आहे. पण मटार आपोआप पोत्यात जात नाही. शेंग खुडायला दिवसभर कमरेतून वाकावं लागतं, पोतं पाठीवर घेऊन ट्रॉलीपर्यंत न्यावं लागतं, आणि हे काम बहुतांश बायका करतात. संध्याकाळी पाठ धरते, गुडघे ठणकतात. मग मेडिकलवर जाऊन 'दर्द की गोली' मागितली जाते. दुकानदारही नाव विचारत नाही. कात्रीने पट्टी कापून दोन-चार गोळ्या हातावर ठेवतो.

ही गोळी बहुतेक वेळा एका औषधाची नसते. ॲसिक्लोफिनॅक १०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम हा सगळ्यात खपाचा जोड. झिरोडॉल-पी, हायफिनॅक-पी अशा किती तरी नावांनी तो मिळतो. आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ म्हणजे कॉम्बिफ्लॅम. डायक्लोफिनॅक किंवा निमेसुलाइडबरोबर पॅरासिटामॉल घातलेल्या गोळ्याही आहेत. नाव वेगळं, रंग वेगळा, पण घडण एकच: एक दुखणं-सूज कमी करणारं औषध आणि एक दुखणं-ताप कमी करणारं. घेणाऱ्याला मात्र हातात एकच गोळी दिसते. माझ्या मते या प्रश्नातली निम्मी जोखीम तिथेच आहे. ही औषधं भयंकर नाहीत. नेमक्या कारणासाठी, थोडे दिवस घेतली तर ती माणसाला उभं करतात. पण आपण दोन औषधं घेतोय आणि त्यांतली कुठली आपल्याला चालत नाही, हे ठाऊक नसलं की साधी गोळी दवाखान्यात पोचवते.

सूज, लाली, ठणका या सगळ्यांमागे शरीरात तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं असतात. ॲस्पिरिनसारखी औषधं ही रसायनं तयारच होऊ देत नाहीत, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. पुढे १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, मेफेनॅमिक ॲसिड, निमेसुलाइड ही सगळी याच घराण्यातली. अडचण अशी की हीच रसायनं जठराचं अस्तर राखतात आणि मूत्रपिंडाकडे रक्त नेणारी नळी मोकळी ठेवतात. त्यामुळे ठणका थांबवताना जठराची आणि मूत्रपिंडाची राखणही ढिली पडते. पॅरासिटामॉल या घराण्यातलं नाही. ते मुख्यतः मेंदूच्या पातळीवर काम करतं, सुजेवर फारसं चालत नाही, जठराला बरंच सौम्य असतं, आणि त्याचा धोका यकृताला. दोन्हींची वाट वेगळी, म्हणून दोन्ही मिळून जास्त आराम मिळेल, असा या जोडीमागचा विचार आहे.

विचार चुकीचा नाही. २०१३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र देण्याच्या चाचण्यांचा आढावा घेतला. बहुतेक चाचण्या अक्कलदाढ काढल्यानंतरच्या दुखण्यावरच्या होत्या. आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅम एकत्र घेतलेल्या शंभरातल्या सुमारे ७३ जणांचं दुखणं निम्म्याने तरी कमी झालं. नुसतं आयबुप्रोफेन ४०० घेणाऱ्यांत हे प्रमाण पन्नाशीच्या थोडं वर होतं, आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत सात. हा फरक खरा आहे. पण दोन गोष्टी नजरेआड करू नयेत. एक म्हणजे तिथे पॅरासिटामॉल ५०० ते १००० मिलिग्रॅम होतं. आपल्या गोळीत ते ३२५ असतं. जुन्या मापातले पाच ग्रेन म्हणजे सुमारे ३२५ मिलिग्रॅम, तिथून हा आकडा चालत आला. प्रौढ माणसाची नेहमीची मात्रा ५०० ते १००० असते. म्हणजे चाचणीत सिद्ध झालेला फायदा आपल्या खिशातल्या गोळीला जसाच्या तसा लावता येत नाही. दुसरं म्हणजे ही परीक्षा एका मात्रेची, काही तासांची होती. रोज वाकून दुखणारी पाठ हे वेगळं दुखणं.

महिनोन्महिने घेतल्यावर काय होतं, याचं एक उत्तर इंग्लंडमधल्या गुडघेदुखीच्या चाचणीत मिळतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ८९२ माणसं होती आणि औषध तेरा आठवडे चाललं. रोज आयबुप्रोफेन १२०० आणि पॅरासिटामॉल ३००० मिलिग्रॅम अशी जोडी घेणाऱ्यांपैकी सुमारे ३८ टक्के लोकांचं हिमोग्लोबिन एक ग्रॅम किंवा त्याहून जास्त उतरलं. दोन्हींपैकी एकच औषध तेवढ्याच मात्रेत घेणाऱ्यांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास होतं. रक्त आतल्या आत, न कळता झिरपत असावं. आपल्याकडे शेतावर राबणाऱ्या कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन आधीच दहाच्या खाली असतं. तिथे ही गळती हंगामभर चालू राहिली तर थकवा वाढतो, थकवा वाढला की अंग जास्त दुखतं, आणि अंग दुखलं की पुन्हा गोळी घेतली जाते.

या जोडीत आणखी तिसरा भिडू घालायची आपल्याकडे पद्धत आहे. सगळ्यात लोकप्रिय तिसरा म्हणजे सेराशिओपेप्टिडेज, नावात 'एसपी' असलेल्या गोळ्यांमधला. रेशीमकिड्याच्या आतड्यातल्या जिवाणूपासून मिळालेलं हे विकर सूज ओसरवतं असं सांगितलं जातं. ते मूळ जपानमधलं. तिथल्याच ताकेदा कंपनीने नव्याने चाचण्या घेतल्या, तेव्हा ते औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, आणि २०११ मध्ये कंपनीने स्वतःहून ते बाजारातून काढून घेतलं. आपल्याकडे दात काढला की, पाय मुरगळला की, आजही तेच लिहून दिलं जातं. त्याने अपाय होतो म्हणून नव्हे, उपयोग सिद्ध नसताना गरिबाच्या खिशातून त्याचे पैसे जातात म्हणून मला ते खटकतं. स्नायू सैल करणारी औषधं घातलेल्या गोळ्यांनी गुंगी येते. त्या घेऊन ट्रॅक्टर चालवू नये, एवढंच इथे पुरे.

अशा मिश्रणांवर सरकारची नजर गेली, पण रस्ता नागमोडी निघाला. केंद्राची मंजुरी न घेता राज्यांच्या परवान्यावर शेकडो मिश्रणं बाजारात आली, यावर २०१२ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने बोट ठेवलं. मग चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीने ती तपासली आणि १० मार्च २०१६ रोजी ३४४ मिश्रणांवर बंदी आली. त्या यादीत ॲसिक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल आणि रॅबेप्रॅझॉल असं तिहेरी मिश्रण होतं, निमेसुलाइड आणि डायक्लोफिनॅक हेही होतं. कंपन्या न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बंदी रद्द केली. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण औषध सल्लागार मंडळाकडे सोपवलं. मंडळाच्या उपसमितीचं काम मुंबईच्या औषधशास्त्रज्ञ डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी पाहिलं, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणं पुन्हा बंद झाली. घराघरांतली सॅरिडॉनही त्यात अडकली होती. १९८८ च्या आधीपासून चालत आलेलं मिश्रण म्हणून ती न्यायालयातून सुटली. पुढे जून २०२३ मध्ये आणखी १४ मिश्रणं बंद झाली. त्यांत पाण्यात विरघळणारी निमेसुलाइड-पॅरासिटामॉलची गोळी होती. ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ बंद झाली. त्यांत ॲसिक्लोफिनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ ही कमी मात्रेची गोळी होती. ही बातमी 'पॅरासिटामॉलच्या गोळ्यांवर बंदी' अशी पसरली आणि लोक गोंधळले. १०० आणि ३२५ ची नेहमीची गोळी त्या यादीत नव्हती.

निमेसुलाइडबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. यकृताला इजा होण्याच्या भीतीने ते कितीतरी देशांत कधी आलंच नाही, किंवा येऊन गेलं. भारतात २०११ मध्ये बारा वर्षांखालील मुलांसाठी ते बंद झालं आणि डिसेंबर २०२५ च्या अखेरीस १०० मिलिग्रॅमहून जास्त मात्रेच्या, लगेच विरघळणाऱ्या गोळ्याही बंद झाल्या. इतके पर्याय हाताशी असताना घरात निमेसुलाइड ठेवायचं कारण मला दिसत नाही.

आणखी एक गोष्ट फारशी चर्चेत येत नाही. देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या २०२२ च्या यादीत पॅरासिटामॉल आहे, आयबुप्रोफेन आहे, डायक्लोफिनॅक आहे, मेफेनॅमिक ॲसिड आहे. सगळी सुटी. ॲसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉलची जोडी तिथे नाही. सुटी औषधं असली की गरजेपुरतं एक घेता येतं, मात्रा कमी-जास्त करता येते, आणि त्रास झाला तर कशाने झाला ते कळतं.

आता मूत्रपिंड. दुखण्याच्या गोळीने पित्त होतं, हे आजीलाही माहीत असतं. ती सोबत पित्ताची गोळी घेते आणि निश्चिंत होते. ही निश्चिंती अपुरी आहे. पँटोप्रॅझॉल, ओमेप्रॅझॉल, रॅबेप्रॅझॉल जठर आणि त्याच्या लगतचा भाग राखतात. खालच्या आतड्याला त्यांचा आधार नाही. मूत्रपिंडाला आणि हृदयाला तर मुळीच नाही.

साठीतल्या एखाद्या गृहस्थाचं रोजचं औषध बघा. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन, बहुतेकदा दोन्ही एकाच गोळीत. आता मूत्रपिंडातल्या गाळणीला शेतातल्या वाफ्यासारखं समजा. टेल्मिसार्टन पाणी बाहेर जाण्याचं दार रुंद करतं. लघवी वाढवणारी गोळी पाटातलं पाणीच कमी करते. तरी वाफा भिजत राहतो, कारण आत येणारं दार शरीराने प्रोस्टाग्लँडिनच्या जोरावर उघडं धरलेलं असतं. दुखण्याची गोळी नेमकं तेच दार लोटते. आत कमी, बाहेर जास्त, पाटात पाणी नाही, आणि गाळणी कोरडी पडते. ही तिहेरी गाठ जगभरातल्या डॉक्टरांना ठाऊक आहे. एप्रिल-मे मध्ये जबलपूरच्या भागात पारा चाळिशीच्या वर असतो. त्यात घाम, कमी पाणी, कधी जुलाब-उलट्या. अशा दिवसांत चार-पाच गोळ्यांनीही रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचं माप, चढू शकतं. वेळेत लक्षात आलं आणि गोळी थांबवली तर ते बहुधा उतरतं. पण लक्षात यायला कुणी तपासायला हवं. पायावर सूज, लघवी कमी, चेहरा सुजलेला, भूक गेलेली ही चिन्हं दिसली की गोळी बंद करून क्रिएटिनिन करून घ्यावं. आणि ही गोळी घेताना रक्तदाब वाढला, तर रक्तदाबाची गोळी वाढवण्याआधी डॉक्टरांना दुखण्याच्या गोळीबद्दल सांगावं. हे औषध स्वतःच दाब वाढवतं.

याच घराण्याने मूत्रपिंडाचा एक मोठा घात केला, तो माणसांचा नव्हे, गिधाडांचा. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झालं. गिधाडांची घटती संख्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने आधीच नोंदवली होती. २००६ मध्ये गुरांसाठीचं डायक्लोफिनॅक बंद झालं. पण गुरांच्या शरीरात ॲसिक्लोफिनॅकचं रूपांतर डायक्लोफिनॅकमध्येच होतं, म्हणून जुलै २०२३ मध्ये गुरांसाठी तेही बंद झालं. गिधाडाचं शरीर वेगळं, माणसावर तोच निष्कर्ष लावता येत नाही. पण माणसांची गोळी गायी-म्हशींना चारण्याची सवय खेड्यात आहे, आणि ती सोडायला हवी, म्हणून हे इथे सांगतो.

हृदयाचा धोका आकड्यांत मांडलेला आहे. २०१३ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात डायक्लोफिनॅक जास्त मात्रेत वर्षभर घेणाऱ्या हजार जणांमागे साधारण तीन जणांना हृदयविकार किंवा पक्षाघातासारखा जास्तीचा झटका आला आणि त्यांतला एक दगावला. डायक्लोफिनॅकच्या जवळचं म्हणून युरोपात ॲसिक्लोफिनॅकलाही तेच निर्बंध लागले: हृदयविकार, पक्षाघात, पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार किंवा हृदय कमजोर असणाऱ्यांनी ते घेऊ नये. रोज ॲस्पिरिन ७५ घेणाऱ्यांनी आयबुप्रोफेन घेतलं तर ॲस्पिरिनचं रक्त पातळ ठेवण्याचं काम अडू शकतं. त्यात दोन्हींनी मिळून जठरातून रक्तस्राव होण्याची भीती वाढते ती वेगळीच. रक्त पातळ करणारी इतर औषधं, स्टेरॉइड, आधी झालेला अल्सर, पासष्टीपुढचं वय, यांतलं काहीही असेल तर ही गोळी आपल्या मनाने घेऊ नये. काळी, डांबरासारखी शौच दिसली तर थांबायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

स्टेरॉइडचा उल्लेख उगाच केला नाही. गावात काही ठिकाणी कागदाच्या पुडीत सुट्या, बिननावाच्या गोळ्या मिळतात आणि 'दोन दिवसांत पळायला लागाल' असं सांगितलं जातं. पळायला लागतोही माणूस, कारण त्यात बहुधा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असतं. चेहरा गोल होतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, आणि सोबत डायक्लोफिनॅक असलं तर जठराला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. नाव नसलेली गोळी कधीच घेऊ नये. या एका बाबतीत मी कुठलीही सवलत देणार नाही.

तापात आणखी एक फसगत होते. पावसाळा संपता संपता जबलपूर असो की नागपूर, डेंग्यू येतोच. डेंग्यूत प्लेटलेट्स उतरतात, रक्तस्रावाची भीती असते, म्हणून ताप-अंगदुखीला फक्त पॅरासिटामॉल द्यावं असा नियम आहे. जोडगोळीत आयबुप्रोफेन किंवा ॲसिक्लोफिनॅक असतं. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत ती तापात घेऊ नये. गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर या औषधांनी बाळाची मूत्रपिंडं मंदावून गर्भजल कमी होऊ शकतं, आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी वेळेआधी बंद होऊ शकते. दम्याच्या काही रुग्णांना या घराण्याने जोराचा अटॅक येतो. डिसेंबर २०२३ मध्ये मेफेनॅमिक ॲसिडबद्दल इशारा निघाला तो वेगळ्या कारणाने: क्वचित, पण अंगावर पुरळ, ताप आणि आतले अवयव बिघडवणारी तीव्र ॲलर्जी. गोळी सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांत असं काही दिसलं तर गोळीकडे बोट दाखवायला विसरू नये.

यकृताचा हिशेब बेरजेचा आहे. प्रौढाने चोवीस तासांत पॅरासिटामॉल चार ग्रॅमच्या वर घेऊ नये. वजन कमी असेल, उपासमार असेल, रोजची दारू असेल, मग ती देशी असो की मोहाची, तर मर्यादा त्याहून बरीच खाली येते. जोडगोळी दिवसातून दोनदा घेतली तर पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅमच होतं, घाबरायचं कारण नाही. पण त्याच दिवसांत ताप आला आणि डोलो ६५० चार वेळा घेतली तर २६०० वाढले. सर्दीच्या गोळीत बहुधा ५०० मिलिग्रॅम असतं, ती तीनदा, म्हणजे आणखी १५००. एकूण ४७५०. तिन्ही गोळ्या वेगळ्या डब्यांतल्या, वेगळ्या नावांच्या, आणि तिघींच्या पोटात एकच औषध. जास्त मात्रा गेल्यावर पहिल्या दिवशी फारसं काही जाणवत नाही. मळमळ असते, मग बरं वाटतं, आणि तोपर्यंत यकृत बिघडायला लागलेलं असतं. ॲसिटाइलसिस्टीन हे उताऱ्याचं औषध पहिल्या आठ तासांत दिलं तर सगळ्यात चांगलं काम करतं. म्हणून जास्त गोळ्या पोटात गेल्याचं कळलं की लक्षणांची वाट न बघता मोठं रुग्णालय गाठायचं.

दुसरी बेरीज सूज उतरवणाऱ्या घराण्याची. सकाळी दवाखान्यात डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन, दुपारी ॲसिक्लोफिनॅकची गोळी, आणि घरातल्या मुलीला पाळीसाठी आणलेलं मेफेनॅमिक ॲसिड रात्री आईनेही घेतलेलं. दोन सारख्या औषधांनी आराम दुप्पट होत नाही. अपाय मात्र वाढतो.

म्हणून गोळीचं नाव नव्हे, त्याखालची बारीक ओळ वाचायची. कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, औषधांची नावं आणि मिलिग्रॅम खाली. जबलपूरच्या मराठी घरांत आजोबांना ती दिसत नाही आणि ते नागपूर-पुण्याच्या मुलाला फोन करतात. मुलाने 'कशासाठी घेताय' एवढंच न विचारता ती ओळ वाचून घ्यायला हवी, किंवा पट्टीचा फोटो मागवायला हवा. मागच्या वर्षी दुसऱ्याच दुखण्यासाठी दिलेल्या चिठ्ठीवर पुन्हा गोळ्या आणू नयेत. मधल्या काळात रक्तदाबाची, साखरेची नवी गोळी लागलेली असते आणि तीच या गोळीशी भांडते.

पट्टी कापून घ्यायची वेळ आली तर नाव, मुदत आणि बॅच नंबर असलेला तुकडा मागून घ्यावा आणि बिल घ्यावं. ॲसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक ही चिठ्ठीवर मिळायची औषधं आहेत. पट्टीच्या डाव्या कडेला उभी लाल रेघ असते ती त्याचीच खूण. बॅच नंबर किती महत्त्वाचा, ते जबलपूर विभागातल्याच छिंदवाडा जिल्ह्याने २०२५ च्या पावसाळ्याअखेरीस पाहिलं. परासिया भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून जास्त लहान मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली, कितीतरी जणांना उपचारासाठी नागपूरला नेलं होतं. तिथे दोष औषधांच्या जोडीचा नव्हता, त्यात मिसळलेल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषाचा होता. पण कुठल्या बाटलीने काय केलं, हे शोधायचा धागा तिच्यावरच्या छापील ओळीतूनच मिळतो. औषधाने त्रास झाल्याची शंका आली तर रुग्ण स्वतःही १८००-१८०-३०२४ या नि:शुल्क क्रमांकावर कळवू शकतो. ही देशाच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाची व्यवस्था आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे.

मग गोळी घ्यायची कशी? मुरगळलेला पाय, दात काढल्यानंतरचं दुखणं, अचानक धरलेली कंबर अशा ताज्या, सुजेच्या दुखण्याला, वर सांगितलेले आजार नसलेल्या प्रौढाने डॉक्टरांना विचारून जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, ॲसिक्लोफिनॅकची जोडी दिवसातून फार तर दोनदा, तीन ते पाच दिवस. आराम पडला की लगेच बंद. उरलेला कोर्स पुरा करायचा नियम जंतुनाशकांचा, दुखण्याच्या गोळीचा नव्हे. मुलांना ही प्रौढांची गोळी अर्धी करूनही देऊ नये. सूज नसेल, नुसती अंगदुखी असेल, तर साधं पॅरासिटामॉल ५०० पुरतं, आणि जनऔषधी केंद्रात ते अगदी स्वस्त मिळतं. जुन्या गुडघेदुखीला आधी डायक्लोफिनॅकचं मलम लावून बघावं. ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही गुडघ्यासाठी मलमच पहिलं आहे, कारण कातडीतून रक्तात जाणारं औषध फार थोडं असतं. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम कंटाळवाणा वाटतो, पण वर्षभराचा हिशेब केला तर गोळीपेक्षा तोच जास्त देतो. आणि साध्या कंबरदुखीत नुसत्या पॅरासिटामॉलनेही फारसं काही होत नाही, असं ऑस्ट्रेलियातल्या २०१४ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. तिथे हालचाल चालू ठेवणं, शेक आणि थोडा धीर हेच मुख्य औषध.

पाच दिवसांनी दुखणं तसंच असेल तर गोळी बदलायची नाही, दुखण्याचं कारण शोधायचं. आणि या भागात दुखण्याची काही खास कारणं आहेत. मंडला, डिंडोरी, छिंदवाडा, आणि खाली विदर्भात गडचिरोली-गोंदियापर्यंत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. जबलपुरात १९८४ पासून असलेली जनजाती आरोग्य संशोधन संस्था त्यावर वर्षानुवर्षं काम करते आहे, आणि सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलला सुरू झाली. सिकलसेल असलेल्या तरुणाची हाडं, छाती, पोट अचानक असह्य दुखतं. तो मेडिकलवरून गोळी घेतो, थोडं बरं वाटतं, पुन्हा तेच. त्याच्या मूत्रपिंडांवर आजाराचाच भार असतो आणि कोरड्या अंगाने प्रत्येक झटका वाढतो. त्याला आधी पाणी, तपासणी आणि हायड्रॉक्सियुरियासारखं औषध हवं. मटाराच्या हंगामात मजुरीला आलेल्या एखाद्या मुलाचं वारंवार 'अंग धरतं', तेव्हा त्याच्या रक्ताची ही साधी तपासणी झालेली आहे का, हे कुणी तरी विचारायला हवं. मंडल्याच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने हाडं-सांधे आखडतात. तिथे पाणी बदलल्याशिवाय कुठलीच गोळी पुरणार नाही. मणक्याच्या क्षयात पाठ रात्री जास्त दुखते, वजन उतरतं, संध्याकाळी बारीक ताप येतो, आणि जोडगोळी नेमका तो ताप झाकून टाकते. पायातली शक्ती कमी होणं, लघवी अडणं, बसायच्या जागी बधिरपणा येणं ही त्याच दिवशी रुग्णालय गाठायची लक्षणं. शहपुऱ्यात सामुदायिक स्वास्थ्य केंद्र आहे, तिथून जबलपूरचं वैद्यकीय महाविद्यालय फार लांब नाही. पाठदुखी जुनी झाली असेल तर तिथे जाताना रिकाम्या पट्ट्या सोबत न्याव्यात आणि 'किती दिवसांपासून, दिवसाला किती' हे न लपवता सांगावं.